भरलेलं पिस्तूल कमरेला: टेक्सासमधला माझा अनुभव

भरलेलं पिस्तूल कमरेला लावून मी पहिल्यांदा घराबाहेर पडले ती कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायला. जाताना तीस पावलं, येताना तीस. तेवढ्यात माझा हात नकळत तीनदा कमरेकडे गेला. समोरच्या घरातले आजोबा कुत्र्याला फिरवत होते. त्यांनी हात केला, मीही केला. घरात येऊन दार लावलं आणि आरशासमोर उभी राहून कुर्त्याखाली काही दिसतंय का ते पाहिलं. काही दिसत नव्हतं. त्या साठ पावलांच्या आधी पाच महिने गेले होते. त्या पाच महिन्यांत काय काय करावं लागतं, याबद्दल इथल्या आपल्या लोकांत कोणी मोकळेपणी बोलत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ह्यूस्टनजवळच्या एका प्रयोगशाळेत मी संध्याकाळच्या पाळीला असते. सुटायला रात्रीचे साडेअकरा होतात. पार्किंग इमारतीपासून दोनशे पावलांवर. नोव्हेंबरातल्या एका रात्री मी गाडीत बसून पट्टा लावत होते, तेवढ्यात एका माणसाने शेजारच्या दाराचं हँडल ओढलं. दार लॉक होतं. तो काच ठोकत राहिला, मी गाडी काढून निघाले. दहा दिवसांनी तोच माणूस पांढऱ्या व्हॅनमधून माझ्या मागे आमच्या वसाहतीच्या फाटकापर्यंत आला. मी घराकडे वळलेच नाही, तशीच पुढे पोलीस ठाण्यावर गेले. पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली आणि स्पष्ट सांगितलं की रोज रात्री तुमच्यासोबत कोणी देता येणार नाही. पाळी बदलून मागितली, मिळाली नाही. पेपर स्प्रे घेतला. तो आजही किल्लीला अडकवलेला असतो.

पिस्तुलाचा विषय काढला तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, नोकरी सोड, पण घरात बंदूक नको." आमची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तीन आठवडे आमचं याच एका विषयावर बोलणं चालू होतं, कधी शांतपणे, कधी नाही. शेवटी त्याने अट घातली: मुलीच्या हाताला ते कधीच कसं लागणार नाही हे आधी दाखव, मग बाकीचं. त्यामुळे आमच्या घरात पिस्तुलाच्या दोन महिने आधी तिजोरी आली. आकड्यांची कळ दाबून उघडणारी, बोल्टने भिंतीतल्या खांबाला जखडलेली. आज विचार करते तेव्हा वाटतं, त्याने ती अट घातली नसती तर मी सगळं उलट्या क्रमाने केलं असतं.

शस्त्र मला अगदीच अनोळखी होतं असं नाही. आईचे वडील, आप्पा, मिरजेजवळ मळ्यात राहत. त्यांच्याकडे परवान्याची दोननळी बारा बोअर होती. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर परत यायची. आप्पा कुणाच्याही हातात बंदूक देताना आधी ती मोडत, म्हणजे बिजागरीवर उघडत, दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दाखवत आणि मगच देत. काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या कपाटात असत. लहानपणी मला वाटायचं की बंदूक अशीच, मोडलेल्या अवस्थेत असते.

कायद्याचं आधी सांगते, कारण आपल्याकडच्या अनेकांना हे माहीत नसतं. एच-वन-बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने शस्त्र किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने पिस्तूल घेऊन चालवणंही त्यात येऊ शकतं. "टेक्सासमध्ये सगळं चालतं" या समजुतीवर कुणी मित्राबरोबर रेंजवर जाऊ नका. माझ्या हातात तोवर ग्रीन कार्ड होतं, म्हणून मला मार्ग मोकळा होता.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने अपात्र नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. मग परवाना काढला कशाला, असं अनेकांनी विचारलं. एक कारण अगदी घरगुती होतं. शाळेच्या हद्दीपासून १००० फुटांच्या आत शस्त्र नेण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला. मुलीला शाळेत सोडायला-आणायला जाणारी आई रोज दोनदा त्या हजार फुटांत असते. दुसरं कारण असं की मला कुणीतरी बसवून शिकवायला हवं होतं. अर्जाची फी ४० डॉलर, बोटांचे ठसे वेगळे, आणि चार ते सहा तासांचा वर्ग.

वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त पोलीस अधिकारी होत्या. मला वाटलं होतं दिवसभर पिस्तुलाबद्दल बोलणं होईल. अर्धा दिवस गेला दंडसंहितेच्या नवव्या प्रकरणावर: बळ कधी वापरता येतं, प्राणघातक बळ कधी वापरता येतं, आणि कधी अजिबात नाही. केवळ तोंडी चिथावणी, मग ती कितीही घाणेरडी असो, बळ वापरायला कारण ठरत नाही, हे कायद्यात लिहिलेलंच आहे. भांडण हातघाईवर न येता कसं मिटवायचं हा अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे. मुलांना अपघात होऊ नये म्हणून शस्त्र कसं ठेवायचं, हाही. बाईंनी एकेकाला उभं करून प्रसंग दिले. माझा प्रसंग होता पार्किंगच्या जागेवरून शिव्या देत अंगावर येणारा माणूस. मी म्हटलं, गाडीत बसून दार लावीन. "गाडी दूर असेल तर?" दुकानात परत जाईन. "त्याने तुला भित्री म्हटलं तर?" मी म्हटलं, म्हणू दे. त्या म्हणाल्या, बसा खाली, तुम्हाला कळलंय.

नेमबाजीची परीक्षा ५० गोळ्यांची. ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि १५ यार्डांवरून १०. एकूण गुण २५०, उत्तीर्ण व्हायला १७५. मला २२६ मिळाले, पण त्याआधी दोन महिने मी रेंजवर नुसती दचकत होते. गोळी सुटायच्या आधीच माझं मनगट नळी खाली ढकलायचं आणि नेम बुटाकडे जायचा. बाईंनी माझ्या नकळत मॅगझीनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, अधेमधे खोट्या गोळ्या भरून दिल्या. खोटी गोळी आली की बार व्हायचा नाही, पण पिस्तूल मात्र खाली झुकलेलं सगळ्यांना दिसायचं. ते दिसलं तेव्हाच सुधारलं.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. त्या परीक्षेत पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, काढावं लागत नाही आणि परत ठेवावंही लागत नाही. ते समोर टेबलावर असतं, तिथूनच उचलायचं. म्हणजे माझ्या हातात राज्याचा परवाना आला तेव्हा, ज्या दोन हालचाली मी आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा करणार होते त्या कुणी तपासल्याच नव्हत्या. बाळगणाऱ्याचा अपघात अनेकदा तिथेच होतो: घालताना, काढताना, रिकामं करताना. स्वतःच्याच हातून, स्वतःच्याच मांडीत. परवाना पोस्टाने आला त्याच दिवशी मी बाईंना फोन केला आणि होल्स्टरसाठीच्या वेगळ्या वर्गाचे पैसे भरले. ते पैसे पिस्तुलाइतकेच गरजेचे होते असं मी मानते.

पिस्तूल निवडताना रेंजवर भाड्याने पाच-सहा चालवून पाहिली. माझी बोटं आखूड, पकड बेताची. बऱ्याच पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मला ओढवतच नव्हती. शेवटी स्मिथ अँड वेसनचं नाइन एमएम शील्ड ईझी घेतलं. त्याची स्लाइड सहज मागे येते, आणि मुठीच्या मागच्या बाजूला एक कळ आहे. ती तळव्याने दाबल्याशिवाय बार होत नाही. मॅगझीन आठ गोळ्यांचं, वजन रिकामं असताना साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. दुकानदाराने एक गुलाबी पर्सही दाखवली, आत पिस्तुलाचा चोरकप्पा असलेली. ती मी हातातसुद्धा घेतली नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहो राज्यातल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधल्या पिस्तुलाला हात घातला आणि आईचा जीव गेला. तिच्याकडे परवाना होता. पर्स खांद्यावरून ट्रॉलीत जाते, ट्रॉलीतून खुर्चीवर, खुर्चीवरून मुलांच्या हातात. माझी स्वतःची पर्स दिवसातून किती वेळा माझ्यापासून दूर असते ते मी एक दिवस मोजलं आणि तो विषय संपवला.

होल्स्टर कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं, नेमकं त्याच मॉडेलच्या मापाचं. त्यात मी तीन गोष्टी पाहिल्या. ट्रिगरभोवतीची कडी पूर्ण झाकली पाहिजे, वरून बोटाने दाबून पाहिलं तरी आतला ट्रिगर हलता कामा नये. पिस्तूल काढल्यावर होल्स्टरचं तोंड मिटता कामा नये, नाहीतर परत घालताना दुसऱ्या हाताने ते उघडावं लागतं आणि तो हात नळीसमोर येतो. आणि उलटं धरून हलवलं तरी पिस्तूल पडता कामा नये. कापडी, मऊ, सगळ्यांना बसणारी स्वस्त होल्स्टर्स मी तिथेच बाद केली. पट्टाही जाड घ्यावा लागला. बायकांच्या पँटींना तो पट्टा जाईल असे लूप नसतात, हा एक वेगळाच ताप. तीन पँटी शिंप्याकडून दुरुस्त करून आणल्या.

त्यानंतर तीन आठवडे रिकामं पिस्तूल कमरेला लावून घरात वावरले. गोळ्या तिजोरीत, पिस्तूल रिकामं, मात्र आतला घोडा चढवलेला. सकाळी लावायचं आणि पोळ्या लाटायच्या, धुणं वाळवायचं, सोफ्याखालचं खेळणं काढायचं, मुलीला उचलायचं. रात्री काढून पुन्हा रिकामं असल्याची खात्री करायची आणि सुरक्षित दिशेला धरून ट्रिगर दाबायचा. टक् असा आवाज आला की समजायचं, दिवसभरात होल्स्टरच्या आत घोडा सुटला नाही. एकवीस रात्री तो आवाज आला. एखाद्या रात्री आला नसता, तर ते होल्स्टर मी कचऱ्यात टाकलं असतं.

चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी गोळी बसते त्या जागेत, गोळी ठेवायची की नाही यावर नवरा आणि मी पुन्हा बसलो. त्याचं म्हणणं, मॅगझीन भरलेलं असू दे, चेंबर रिकामं ठेव, वेळ आली तर स्लाइड ओढ. मी बाईंना विचारलं. त्यांनी मला डाव्या हातात किराणा मालाची पिशवी दिली आणि उजव्या हाताने स्लाइड ओढायला सांगितलं. जमलं नाही. डाव्या हातात पिशवीऐवजी मुलीचं मनगट असेल हे मला त्या क्षणी दिसलं. तरीही मी घाई केली नाही. एकवीस दिवसांची ती चाचणी आणि होल्स्टरचा वर्ग पुरा होईपर्यंत चेंबर रिकामंच होतं. ज्याला आपल्या हाताचा आणि होल्स्टरचा भरवसा नाही त्याने चेंबर रिकामंच ठेवावं, कुणी काही म्हणो.

होल्स्टरच्या वर्गात पहिला अर्धा दिवस निळ्या प्लास्टिकच्या खोट्या पिस्तुलावर. बाईंनी बोलता बोलता एकीच्या हातातून ते खाली पाडलं आणि आम्ही चौघी-पाचजणी एकदम झेलायला झेपावलो. त्यांनी सांगितलं, हेच करायचं नाही. आजची चांगली पिस्तुलं पडल्याने सहसा उडत नाहीत, पण झेलताना बोट ट्रिगरवर पडतं आणि मग उडतात. पडतंय तर पडू द्या, आणि थांबल्यावर उचला. हे ऐकायला सोपं आहे, शरीराला शिकवायला फार कठीण. स्वयंपाकघरात वाटी पडली तरी मी आता मुद्दाम हात मागे घेते.

दुसरा धडा जॅकेटच्या नाडीचा. माझ्या जॅकेटला कमरेशी ओढायची नाडी होती, टोकाला प्लास्टिकचा मणी. निळं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालताना तो मणी ट्रिगरच्या कडीत शिरला आणि मी दाबत राहिले. बाईंनी माझं मनगट धरलं. खरं पिस्तूल असतं तर गोळी कुठे गेली असती ते त्यांनी सांगितलं नाही, फक्त बोट माझ्या मांडीवर ठेवलं. घरी येऊन मी त्या जॅकेटच्या, नि बाकीच्या दोन जॅकेटच्याही नाड्या कापून टाकल्या. तेव्हापासून परत ठेवताना: बोट सरळ स्लाइडच्या बाजूला, डाव्या हाताने कपडा छातीपर्यंत वर, नजर होल्स्टरवर, आणि हळू. थोडासाही अडथळा लागला तर थांबून बाहेर काढायचं. काढताना एखाद्या दिवशी घाई असेल. ठेवताना घाईचं कुठलंच कारण जगात नाही.

एवढं सगळं शिकूनही माझ्या हातून चूक झाली. भरलेलं बाळगायला लागून दुसरा महिना. रात्रीचे साडेबारा, डोळे मिटत होते. तेव्हा मी रोज रात्री पिस्तूल रिकामं करून तिजोरीत ठेवायची. क्रम ठरलेला: आधी मॅगझीन काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबरमधली गोळी बाहेर पाडायची. त्या रात्री मी आधी स्लाइड ओढली. गोळी बाहेर पडली, ती पलंगावर दिसली, मन म्हणालं रिकामं झालं. मग मॅगझीन काढलं. पण स्लाइड पुढे येताना मॅगझीनमधली दुसरी गोळी चेंबरमध्ये गेली होती. पिस्तूल भरलेलं, आणि माझ्या मनात ते रिकामं. मी ते तसंच तिजोरीत ठेवणार होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडा, म्हणजे गोळीविना, सराव करणार होते, भिंतीकडे रोखून, ट्रिगर दाबून. त्या भिंतीपलीकडे मुलीची खोली.

वाचवलं एकाच गोष्टीने. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळी घालून चाचपायचं, ही सवय बाईंनी लावली होती. आत पितळ दिसलं. मी पलंगाच्या कडेला किती वेळ बसले होते ते आठवत नाही. नवऱ्याला उठवून सगळं सांगितलं, लपवलं नाही. तो काही बोलला नाही, स्वयंपाकघरात जाऊन पाणी घेऊन आला.

दुसऱ्या दिवसापासून दोन बदल केले. कोरडा सराव आता गॅरेजमध्ये, विटांच्या भिंतीकडे तोंड करून, आणि गोळ्या त्या खोलीत नसतातच. दुसरा बदल जास्त महत्त्वाचा: रोज रात्री रिकामं करणं बंद. क्लिप सोडवून होल्स्टरसकट पिस्तूल कमरेवरून काढायचं आणि तसंच, ट्रिगर झाकलेला, तिजोरीत. सकाळी तसंच बाहेर. रोज भरणं-रिकामं करणं म्हणजे चुकीला रोज दोन संधी. शिवाय तीच गोळी पुनःपुन्हा चेंबरमध्ये चढवली की तिचं टोक पुंगळीत आत दबत जातं आणि ते दाबाच्या दृष्टीने धोक्याचं असतं. आता मी आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, झोप पूर्ण झाल्यावर, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ते रिकामं करते.

मुलीपासून लपवायचं नाही हे आम्ही ठरवलं होतं. तिला मी रिकामं पिस्तूल दाखवलं, नाव सांगितलं, तिचे सगळे प्रश्न संपू दिले. मग घरात किंवा बाहेर कुठेही असं काही दिसलं तर काय करायचं ते: थांबायचं, हात लावायचा नाही, खोलीतून बाहेर यायचं, मोठ्या माणसाला सांगायचं. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे. पण मला भीती कायद्याची नव्हती. तिच्या मैत्रिणींच्या घरची होती. ती कुणाकडे राहायला जाणार असली की मी आता त्या घरी सरळ विचारते, तुमच्याकडे शस्त्र आहे का, कुठे ठेवता. पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली. बहुतेकांना राग येत नाही. उलट दोघींनी आमच्याबद्दल विचारलं. एकीने माझं उत्तर ऐकून मुलीला आमच्याकडे पाठवणं बंद केलं. ती आपलीच, पुण्याची, माझी चांगली मैत्रीण. मला वाईट वाटलं, अजून वाटतं. पण तिच्या मुलीबद्दलचा निर्णय तिचा आहे, आणि मी तिला खरं सांगितलं हे बरं केलं.

स्वच्छतागृहाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून दोन वाक्यं. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल काढून कागदाच्या डब्यावर, टाकीवर, कुठेही ठेवायचं नाही. लोक तिथे विसरून जातात आणि पुढच्याला सापडतं. ते होल्स्टरमध्येच, कपड्यातच राहतं, पट्टा हाताने धरून ठेवायचा.

जिथे नेता येत नाही त्या जागांची यादी मला पाठ आहे: न्यायालय, मतदान केंद्र, शाळेची इमारत, विमानतळाचा तपासणीपलीकडचा भाग, ज्यांचं निम्म्याहून जास्त उत्पन्न दारूचं आहे असे बार. शिवाय दारावर ३०.०६ आणि ३०.०७ कलमांच्या, म्हणजे परवानाधारकालाही शस्त्र आत आणायला मनाई करणाऱ्या, पाट्या लावलेल्या खासगी जागा. माझ्या कामाच्या इमारतीवर त्या दोन्ही आहेत. परवानाधारक कर्मचाऱ्याला पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत शस्त्र ठेवू द्यावं लागतं, म्हणून सीटखाली पोलादी पेटी आहे, सीटच्या सांगाड्याला तारेच्या दोराने बांधलेली. होल्स्टरसकट त्यात ठेवते. गाडीच्या नुसत्या खणात ठेवलेलं पिस्तूल म्हणजे चोराला दिलेलं पिस्तूल.

याचा अर्थ तुमच्या लक्षात आला असेल. ज्या दोनशे पावलांसाठी मी हे सगळं सुरू केलं, नेमकी तीच दोनशे पावलं मी आजही पिस्तुलाशिवाय चालते. हे मला परवाना आल्यावर नीट उमगलं आणि एक संपूर्ण दिवस मी सुन्न होते. नंतर मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. साडेअकराला सुटणाऱ्या आम्ही तिघी एकत्र निघतो, आणि सुरक्षारक्षकाला फोन करून दारापाशी बोलावतो. तो गाडीपर्यंत येतो. गाडी आता मी दिव्याच्या खांबाखाली लावते, त्यासाठी वीस मिनिटं आधी पोचते. पिस्तूल आहे ते गाडी ते घर आणि बाकीच्या दिवसासाठी.

ते मी कधीच काढलेलं नाही. एकदा वाहतूक पोलिसाने वेगासाठी थांबवलं. खिडकी खाली, आतला दिवा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. तो जवळ येताच सांगितलं की माझ्याकडे परवाना आहे, पिस्तूल उजव्या कमरेला आहे, लायसन्स पर्समध्ये आहे, घेऊ का? टेक्सासमध्ये पोलिसाने ओळखपत्र मागितलं की शस्त्राचा परवानाही सोबत दाखवावा लागतो. त्याने दोन्ही पाहिलं, ताकीद दिली आणि सोडलं. घरी पोचेपर्यंत माझे हात मात्र थंड होते.

मंडळाचा गणपती शाळेच्या सभागृहात असतो, त्या दिवशी पिस्तूल घरी. कुणाकडे जेवायला गेलो आणि वाइन घ्यायची असेल तरी घरी. साडी नेसते तेव्हाही घरीच, कारण साडीत ते नीट बसेल अशी जागा मला सापडलेली नाही आणि कामचलाऊ जुगाड मी करणार नाही.

गेल्या वर्षी आई नवरात्रात इथे होती. खंडेनवमीला तिने सुरी, कात्री, नवऱ्याची ड्रिल मशीन पाटावर मांडली आणि म्हणाली, "तुझं तेही आण." मी गॅरेजमध्ये जाऊन ते रिकामं केलं, मॅगझीन नि गोळ्या तिजोरीत टाकल्या, आणि घेऊन आले. पाटावर ठेवणार तेवढ्यात ती म्हणाली, "अगं, आप्पा मोडून ठेवायचे ना? तशी ठेव." मी स्लाइड मागे अडकवली, आतलं रिकामं चेंबर तिला दाखवलं. तिने चष्मा लावून वाकून पाहिलं, मुलीलाही बोलावून दाखवलं. मग कुंकवाचं बोट मुठीवर लावलं, आणि अक्षता टाकायच्या आधी उघड्या स्लाइडवर आपला हातरुमाल पसरला, तांदूळ आत जाऊ नयेत म्हणून.